वाचकांचे प्रश्न : दोन श्रेयांकांचे पेपर आणि पदवीचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि जोडीने सीएच्या प्रवेश परीक्षेची तयारीही करतो. त्याच्या वेळापत्रकात हिशेबाच्या विषयांखेरीज विज्ञान शाखेचा एक पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण आणि योग असे चार-पाच विषय दिसतात. सकाळचे कॉलेज आटोपून दादरचा क्लास गाठताना त्याची तारांबळ उडते. हे विषय वगळता येतील का? त्यांचे गुण निकालात धरतात का? निदान आमच्या वेळच्या एफसीसारखे (फाउंडेशन कोर्ससारखे) आदल्या रात्री वाचून भागेल का?
— एक पालक, लालबाग

उत्तर : वगळता येणार नाहीत, आणि एफसीची उपमाही आता पुरती लागू पडत नाही. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या आपल्या पिढीला फाउंडेशन कोर्स म्हटले की फोर्टच्या पदपथावरून आणलेले पातळ गाइड आठवते, हे मान्य. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये जो श्रेयांक (क्रेडिट) आराखडा ठरवून दिला, त्यात या विषयांचे वजन बरेच वाढले आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी एकूण १२० ते १३२ श्रेयांक लागतात. त्यांपैकी खुल्या वैकल्पिक विषयांना, म्हणजे मुले ज्याला ‘ओई’ म्हणतात त्याला, १० ते १२, भाषांना ८, मूल्यशिक्षणाला ४, भारतीय ज्ञान प्रणालीला २ आणि योग, क्रीडा, एनएसएस यांसारख्या सहअभ्यासक्रमांना ८ श्रेयांक आहेत. बेरीज केली तर पदवीचा जवळजवळ चौथा हिस्सा या विषयांतून कमवायचा आहे, हे लक्षात येईल.

गुण धरतात का, याचे उत्तर आकड्यांतच पाहू. समजा, एका सत्राला २२ श्रेयांक आहेत आणि तुमच्या मुलाला दोन श्रेयांकांच्या एखाद्या पेपरात ९ ऐवजी जेमतेम उत्तीर्णतेचे ४ श्रेणीगुण (ग्रेड पॉइंट) मिळाले. पाच गुणांचा फरक गुणिले दोन म्हणजे दहा. त्याला २२ने भागले की सत्राच्या सरासरीतून सुमारे ०.४५ वजा झाले. हिशेबशास्त्राच्या चार श्रेयांकांच्या पेपरात एवढेच नुकसान व्हायला अडीच श्रेणीगुण गमवावे लागतील, आणि ते भरून काढायला किती गणिते सोडवावी लागतात हे तुमचा मुलगाच सांगेल. म्हणून सीएच्या अभ्यासासाठी या पेपरांचा बळी देणे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

विज्ञान शाखेचा पेपर वाणिज्याच्या मुलाला का, असा तुमचा रोख दिसतो. ओई मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, अशी अटच आहे. त्यामागचा विचार मात्र नवा नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९च्या अहवालात पदवीच्या विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली होती. पर्यावरणाचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निर्देशांतून महाविद्यालयांत आला, त्यामुळे त्याचे खापर नव्या धोरणावर फोडण्याचे कारण नाही.

तरीही तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. अनेक ठिकाणी ओईची यादी विद्यार्थ्यांची गरज पाहून होत नाही, तर कोणत्या प्राध्यापकांच्या तासिका मोकळ्या आहेत ते पाहून होते, आणि मुले त्यातला ‘स्कोरिंग’ पेपर शोधतात. माझ्या अध्यापनकाळात वाणिज्याच्या एका मुलाने नाइलाजाने भूगोलाचा पेपर घेतला होता. नकाशावर विहार आणि पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी नदी त्याने पेन्सिलीने काढत नेली, आणि कुर्ल्यापाशी थांबून म्हणाला, ‘सर, आमची चाळ तर नदीच्या पोटातच आहे.’ २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच्या घरात छातीपर्यंत पाणी होते. पुढे तो विमा क्षेत्रात गेला. मालमत्तेचा दावा हाती आला की आधी त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहतो, असे त्याने मला भेटल्यावर सांगितले. सगळ्यांच्या बाबतीत असे घडेल असे मी म्हणत नाही. पण तुमच्या मुलाला पुढच्या सत्रात निवड करायची असेल, तर राज्यघटना, मानसशास्त्र किंवा संगणकाशी संबंधित एखादा पेपर यादीत आहे का ते पाहावे, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये, कारण चांगल्या पेपरांच्या जागा आधी भरतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, सगळे पेपर सुटले, पण पहिल्या सत्रातल्या भाषेच्या पेपरची केटी (नापास पेपरची फेरपरीक्षा) अजून लटकली आहे. एवढ्या छोट्या पेपरामुळे पदवी अडेल का?
— एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : अडेल. मेजरमध्ये कितीही गुण मिळवले तरी भाषेचे दोन श्रेयांक त्यातून वळते होत नाहीत. ज्या गटाचे श्रेयांक त्याच गटात मिळवावे लागतात. येत्या परीक्षेचा केटीचा फॉर्म मुदतीत भरा आणि पेपर सुटल्यावर ते श्रेयांक तुमच्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या, खात्यात जमा झाले का, हे स्वतः उघडून पाहा.

प्रश्न : माझी पुतणी येथे बी.ए.चे पहिले वर्ष पूर्ण करून अमेरिकेतील विद्यापीठात बदली घेणार आहे. तिकडे ‘जनरल एज्युकेशन’ सक्तीचे असते असे ऐकतो. इथले ओई तिथे चालतील का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात आणि त्यांतील मोठा वाटा सामान्य शिक्षणाचा असतो. निबंधलेखन, गणित किंवा संख्याशास्त्र, प्रयोगशाळेसह एखादे विज्ञान, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे या गटांतून विषय घ्यावे लागतात. तपशील प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा. इथले कोणते श्रेयांक मानायचे, याचा निर्णय सर्वस्वी प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाचा असतो. अडचण अशी की तिथला नेहमीचा पेपर तीन श्रेयांकांचा असतो आणि आपले ओई बहुधा दोनचे. त्यामुळे विषय जुळला तरी तिथली अट पूर्ण होईलच असे नाही.

निर्णय बऱ्याच अंशी कागदपत्रांवर होतो. गुणपत्रिकेवर पेपरचे नुसते नाव असते; त्यात काय शिकवले, किती तास शिकवले, हे तिकडच्या माणसाला अभ्यासक्रम वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून पुतणीने प्रत्येक पेपरचा, दोन श्रेयांकांच्या पेपरांचासुद्धा, अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवावा. अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत मिळवायला कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि ते काम सातासमुद्रापलीकडून होत नाही. मग ते काकांच्याच गळ्यात पडते.