फासा पडद्यावर पडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचा गट अनेक वर्षे टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळत असे. नोकरी-संसारामुळे सगळे पांगले आणि मोहीम अर्धवट राहिली. ती भूक भागवावी म्हणून ‘रोलप्लेइंग’ असा शिक्का असलेले काही व्हिडिओ गेम घेऊन पाहिले. पण त्यांत शत्रू मारायचे, त्यांचे सामान गोळा करायचे आणि आकडे वाढवायचे, एवढेच हाती लागले. टेबलावरच्या खेळाची खरी चव देणारे गेम आहेत का?

आहेत, पण त्या शिक्क्यावर विसंबून ते सापडणार नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला आणि एक-दोन वर्षांतच अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणकांवर त्याच्या नकला होऊ लागल्या. संगणकाला जे मोजता येते तेच त्या नकलांनी उचलले, म्हणजे भुयारे, राक्षस, अनुभवाचे गुण आणि वाढत जाणारी पातळी. खेळाडूने अचानक काही भलतेच करायचे ठरवले तर क्षणभर विचार करून ‘बरं, टाका फासा’ म्हणणारा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडा देणारा गडी, मात्र टेबलापाशीच राहिला. आपल्या हाती नुसते आकडे लागले, याचे कारण त्या वंशावळीत आहे.

म्हणून कोणताही गेम पारखताना मी एकच प्रश्न विचारतो : दान मनासारखे पडले नाही, तर पुढे काय होते? दार उघडत नाही आणि गोष्ट तिथेच थांबते, असे उत्तर मिळाले तर तो गेम कितीही देखणा असला तरी आपल्यासारख्याला त्यात करमणार नाही. हुकलेल्या दानातून गोष्टीला नवे वळण मिळत असेल, तर तिथे कोणीतरी गेम मास्टरसारखा विचार केलेला आहे, असे समजावे.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत वर उतरतो तो २०१९चा ‘डिस्को एलिझियम’. त्यातले जग त्याचे मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्यांच्या मित्रांच्या टेबलावरच्या मोहिमांतच घडत गेले आणि ते खेळताना जाणवते. गेम सुरू होतो तेव्हा आपला पोलीस अधिकारी अतोनात दारू पिऊन स्मृती गमावलेल्या अवस्थेत एका खोलीत पडलेला असतो आणि त्याचा टाय छतावरच्या फिरत्या पंख्यात अडकलेला असतो. तो टाय काढायलासुद्धा दोन फासे पडतात. पात्र तयार करताना आपण त्याची शरीरप्रकृती अगदीच तोळामासा ठेवलेली असेल आणि दान हुकले, तर हृदयविकाराचा झटका येऊन खेळ तिथल्या तिथे संपू शकतो. मारामारीची वेगळी यंत्रणा या गेममध्ये नाहीच. त्या अधिकाऱ्याची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात बोलत राहतात, सल्ला देतात, एकमेकांवर कुरघोडी करतात आणि कधी कधी सरळ चुकीचे सांगतात. कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राचे गुण लिहिलेल्या कागदावरच्या, आकड्याला आवाज देण्याची ही युक्ती मला इतर कुठे इतकी साधलेली दिसली नाही. ‘तर्क’ वाढवलेला माणूस आणि ‘सहानुभूती’ वाढवलेला माणूस एकाच साक्षीदाराशी बोलू लागले, की दोन वेगळी संभाषणे होतात.

त्याच वाटेवर मागे गेल्यास १९९९चा ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ भेटतो. त्यातल्या नायकाला मरण येत नाही आणि स्वतःचे नावही आठवत नाही. तिथे तलवारीपेक्षा बुद्धी आणि शहाणपण यांचे गुण अधिक उपयोगी पडतात, कारण गोष्टीचा गाभा संभाषणांत आहे. मजकूर मात्र भरपूर वाचावा लागतो, आणि लढाया आज खेळताना कंटाळवाण्या वाटतात, हेही सांगितले पाहिजे.

आपण नियमांसकट जुना खेळच शोधत असाल तर अर्थातच लॅरियन स्टुडिओजचा २०२३चा ‘बॉल्डर्स गेट ३’. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि महत्त्वाच्या क्षणी वीस बाजूंचा फासा पडद्यावर खरोखर घरंगळतो. त्याचे मोठेपण मला फाशापेक्षाही ‘असे केले तर?’ या प्रश्नाला तो देत असलेल्या उत्तरांत दिसते. गॉब्लिनांच्या छावणीत शिरल्यावर सगळ्यांशी लढता येते, गोड बोलून आत जाता येते, त्यांच्या दारूच्या पिंपात विष कालवता येते, किंवा एखाद्या म्होरक्याला कड्याच्या टोकाशी गाठून ढकलून देता येते. टेबलावर आपल्या गटाने असाच काहीसा आचरटपणा केला असता. फरक इतकाच, की इथे आचरटपणाच्या वाटा कोणीतरी आधी आखून ठेवलेल्या आहेत. त्या संपल्या की भिंत लागते, आणि ती भिंत प्रत्येक व्हिडिओ गेममध्ये कुठे ना कुठे असतेच.

आता एक वाकडी शिफारस. २०२०चा ‘क्रुसेडर किंग्ज ३’ दुकानात व्यूहरचनेच्या खेळांत ठेवतात. त्यात ना फासा दिसतो, ना भुयार. पण तिथला राजा दयाळू स्वभावाचा असेल आणि आपण त्याला कैद्याचा शिरच्छेद करायला लावला, तर त्याच्या मनावरचा ताण वाढतो आणि ताण फार झाला की तो व्यसनात बुडतो किंवा खचतो. ‘माझे पात्र असे वागणार नाही’ हे वाक्य आपण टेबलावर किती वेळा ऐकले असेल. इथे खेळाचे नियमच ते वाक्य म्हणतात.

प्रश्न : फासा वाईट पडला की मी आधीचे सेव्ह उघडून पुन्हा टाकतो. मित्र म्हणतो, ही लबाडी आहे. शिवाय ‘पंच्याहत्तर टक्के शक्यता’ असूनही माझे दान वारंवार हुकते. गेम फाशांत लबाडी करतो का?

दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यात गणित आहे आणि गणितात भांडण नसते. पंच्याहत्तर टक्के म्हणजे सरासरी चारात एकदा हुकणारच, आणि लागोपाठ दोनदा हुकण्याची शक्यता सोळात एक. मोठ्या मोहिमेत शेकडो वेळा फासा पडतो, तेव्हा असे प्रसंग बऱ्याचदा येतात. नीट पडलेली दाने आपण विसरतो आणि हुकलेली मनात ठेवतो. ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये तर उलट सोय आहे. ‘कर्मिक डाइस’ नावाची एक निवड त्यात मुळातच चालू असते आणि ती लागोपाठ वाईट दाने पडू देत नाही. ती शत्रूंच्याही बाजूने काम करते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. निखळ नशीब हवे असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी.

कोणता फासा वापरला आहे, यावरही अनुभव बदलतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. त्यामुळे एक आणि वीस तितक्याच सहजपणे येतात आणि निष्णात माणूसही अधूनमधून तोंडावर आपटतो. सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते : छत्तीस शक्यतांपैकी सहांमध्ये सात येतात आणि बारा फक्त एकीत. ‘डिस्को एलिझियम’ याच जोडीवर चालतो, म्हणून तिथे कौशल्यात एका गुणाने पडलेली भर मधल्या पट्ट्यात बरीच जाणवते. पाचव्या आवृत्तीतली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ची सोय, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा घेणे, पन्नास टक्क्यांची शक्यता पंच्याहत्तरवर नेते, ती मिळवण्याची खटपट करणे हे पुन्हा पुन्हा लोड करण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

राहिला लबाडीचा प्रश्न. एकट्याने खेळताना आपण कोणाला फसवत नाही, त्यामुळे मित्राचा शब्द जरा जड आहे. पण आपण स्वतःचे नुकसान करून घेत आहात, हे मी त्याच्या बाजूने म्हणेन. फसलेल्या थापेतून किंवा पकडल्या गेलेल्या चोरीतून निघणारे प्रसंग लेखकांनी मन लावून लिहिलेले असतात आणि ते आपल्या डोळ्यांना पडतच नाहीत. मधला मार्ग असा, की पात्र मरत असेल तरच मागे जावे, बाकी जे पडेल ते स्वीकारावे. ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये ‘इन्स्पिरेशन’चे गुण चारपर्यंत साठवता येतात आणि त्यांच्या बदल्यात फासा पुन्हा टाकता येतो; तो हक्क नियमातलाच आहे, तो आधी वापरावा. मनावर ताबा राहत नसेल तर ‘ऑनर मोड’ आहे, त्यात एकच सेव्ह असते. पहिल्याच खेपेला मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. तो कठीण आहे.

प्रश्न : गटात मी नेहमी गेम मास्टर असे. मला दुसऱ्याची गोष्ट खेळण्यापेक्षा स्वतःचे जग उभारून त्यात इतरांना फिरवायला आवडते. माझ्यासाठी काही आहे का?

आपल्यासारख्यांकडे या धंद्याने फारसे लक्ष दिलेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. सन्माननीय अपवाद म्हणजे बायोवेअरचा २००२चा ‘नेव्हरविंटर नाइट्स’. गेमसोबत जग रचण्याचे साधन तर दिलेच होते, शिवाय डंजन मास्टरला (या खेळातल्या गेम मास्टरला) चालू खेळात अदृश्यपणे हजर राहून राक्षस सोडता यावेत, गावकऱ्याच्या तोंडून स्वतः बोलता यावे, खेळाडूंना बक्षीस देता यावे, अशी सोय होती. चित्रे आज ओबडधोबड दिसतात. तरी त्याची सुधारित आवृत्ती मिळते आणि रसिकांनी चालवलेली जगे अजून नांदती आहेत. २०१७च्या ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’मध्येही गेम मास्टरसाठी वेगळी सोय आहे; ती दिसायला सुबक आहे आणि लढाई मांडायला सोपी आहे. २०२१च्या ‘सोलास्टा : क्राउन ऑफ द मॅजिस्टर’मध्ये भुयारे रचून इतरांना खेळायला देता येतात, पण तिथे आपण नकाशा बनवून बाजूला होता, खेळ चालू असताना हस्तक्षेप करत नाही.

एक सावधगिरीची सूचना. टेबलावर ‘समोर एक पडका किल्ला आहे’ एवढे म्हटले की किल्ला उभा राहतो. इथे तो भिंत-भिंत मांडावा लागतो. खेळाडू ऐनवेळी भलत्याच दिशेला गेले तर त्या दिशेला काहीच बांधलेले नसते. म्हणून मोठे जग करायला घेऊ नये. एक वाडा, पाच-सहा माणसे, त्यांच्यातले एक गुपित, एवढ्यावर सुरुवात केली तर एका बैठकीचा खेळ नीट उभा राहतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र दूर राहूनही एकत्र खेळू इच्छितो. ‘बॉल्डर्स गेट ३’ चौघांनी खेळावा का?

खेळता येतो, पण मी दोघांनी खेळा असे सुचवेन. तुकडी चार जणांचीच असल्याने चारही जागा मित्रांनी घेतल्या की गेममधल्या सोबत्यांना बरोबर नेता येत नाही, आणि त्या सोबत्यांच्या कहाण्या हा गेमचा अर्धा जीव आहे. शिवाय संभाषण एका वेळी एकच जण चालवतो. इतरांना ऐकता येते, आपली पसंती दाखवता येते, पण बोलणारा आपले तेच खरे करू शकतो. त्यावरून भांडणे होतात आणि ती टेबलावरच्या भांडणांइतकी मजेदार नसतात. चौघांनाच हवे असेल तर ‘सोलास्टा’ बरा : त्याची गोष्ट बेतास बात आहे, पण पाचव्या आवृत्तीचे लढाईचे नियम तो काटेकोर पाळतो.

प्रश्न : मी टेबलावर कधीच खेळलो नाही. हे गेम सुरू करण्याआधी नियमपुस्तके वाचावी लागतील का?

नाही. बेरजा-वजाबाक्या गेम करतो. फक्त ‘पाथफाइंडर : किंगमेकर’ आणि ‘पाथफाइंडर : राथ ऑफ द राइटियस’ या दोन गेमपासून सुरुवात करू नये, त्यांतल्या निवडींचे जंगल जाणत्यालाही दमवते. नियमांची आवड लागल्यावर त्यांकडे वळावे, आणि तेव्हाही अवघडपणाची पातळी बिनदिक्कत खाली ठेवावी.

प्रश्न : माझा संगणक जुना आहे आणि एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसता येत नाही. शंभर-शंभर तासांचे गेम मला झेपणार नाहीत.

आपल्यासाठी दोन नावे. पहिले, २०२२चा ‘सिटिझन स्लीपर’. अंतराळस्थानकावर पळून आलेल्या एका यंत्रदेही मजुराची ही गोष्ट. प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला फासे आधीच टाकले जातात, जास्तीत जास्त पाच, आणि कोणता फासा कोणत्या कामाला लावायचा हे आपण ठरवायचे. शरीर खंगत गेले की फाशांची संख्याही घटते, त्यामुळे दारिद्र्य म्हणजे काय ते आकड्यांतूनच कळते. मोठा आकडा जोखमीच्या कामाला लावावा. छोटे आकडे फेकून देऊ नयेत, कारण संगणकजालात शिरण्यासाठी नेमका ठरावीक आकडाच लागतो आणि तो कित्येकदा एक किंवा दोन असतो.

दुसरे, २०२१चा ‘वाइल्डरमिथ’. कागदी बाहुल्यांसारखी दिसणारी साधी शेतकरी माणसे वीर बनतात, प्रेमात पडतात, म्हातारी होऊन निवृत्त होतात आणि पुढे त्यांची मुले तुकडीत येतात. लढाईत एखादा वीर कोसळण्याच्या बेतात आला, की गेम आपल्यालाच विचारतो : जखमी होऊन माघार घ्यायची, की मरता मरता साथीदारांच्या उपयोगी पडायचे? त्यातल्या लहान मोहिमांपासून सुरुवात करावी. एक प्रकरण दोन-तीन बैठकांत सहज उरकते, आणि मोहिमेतून तरलेला वीर पुढच्या मोहिमेत पुन्हा बोलावता येतो.