लेक 'करलं' म्हणते, तिला टोकावं का?

तुमचा प्रश्न असा, की साडेतीन वर्षांच्या लेकीबद्दल शाळेने दिलेल्या कागदावर 'स्वनिम', 'कंठ्य ध्वनी', 'सामान्यरूप' असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ काय? आणि ती 'मी करलं' म्हणते, ते सुधारावं का? मी अठरा वर्षं बालवाडीत शिकवते. हे शब्द मला मुलांच्या तोंडूनच उलगडत गेले.

'कार' आणि 'खार' म्हणून बघा. पहिला ध्वनी बदलला आणि गाडीची खारूताई झाली. अर्थ पालटवणारा असा ध्वनी म्हणजे स्वनिम. क, ख, ग, घ हे कंठ्य, जिभेचा मागचा भाग उचलून काढायचे. लहानग्यांची जीभ पुढेच रेंगाळते, म्हणून 'काका'चा 'ताता' होतो.

एकदा खाऊच्या वेळी एक मुलगा म्हणाला, "ताई, तेलं." आमच्या मदतनीस मावशी तेल कशाला म्हणून विचारात पडल्या. त्याला केळं हवं होतं! क चा त झाला होता आणि ळ चा ल. मी विचारलं, "तेलं हवंय?" तर तो चिडला, "नाही! तेलं!" म्हणजे माझी चूक त्याच्या कानाला बरोब्बर कळली, जीभ तेवढी अजून तिथे पोचली नव्हती. र, ळ, ण आणि जोडाक्षरं बऱ्याच मुलांना उशिराच जमतात.

'करलं'ची गोष्ट वेगळी आहे, आणि मला फार आवडते. बसलं, हसलं, पडलं ऐकून तुमच्या लेकीने नियम शोधलाय आणि तो 'कर'ला लावलाय. घरात कुणीच 'करलं' म्हणत नसेल, तर ते तिने स्वतः घडवलंय. अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 मध्ये काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवून, नावंही बनावट देऊन, मुलांना त्यांचं अनेकवचन विचारलं होतं. कधीच न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी नियम लावला. घरी करून बघा: "हा एक गुबडा. आता हे दोन...?" 'गुबडे' आलं तर समजा, नियम तिच्या डोक्यात बसलाय.

सामान्यरूप म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप. घोडा, पण घोड्यावर. मुलं आधी 'घोडावर' म्हणतात. भावाचं ऐकून मुलगी 'मी जातो' म्हणते, तेही याच वयातलं. (कोल्हापूरकडे तर बायकाही 'मी जातो' म्हणतात, तिथे ती चूक नाहीच.)

म्हणून टोकू नका, पुन्हा म्हणायलाही लावू नका. ती म्हणाली, "मी चित्र करलं," की आपण म्हणायचं, "अरे वा, तू चित्र केलंस! कुणाचं केलंस?" बोलणं तुटत नाही आणि बरोबर रूप कानावर पडतं. मुलं बोलायचीच थांबतात ती सारखं टोकल्यामुळे, हे मी पाहिलंय.

मात्र चार वर्षांची झाल्यावरही बाहेरच्यांना तिचं बरंचसं बोलणं कळत नसेल, किंवा पाठमोरं असताना हाक मारली तर ती वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऐकण्या-बोलण्याची तपासणी होते. 'मोठी झाली की बोलेल' असं कुणी म्हणालं, तरी या तपासणीसाठी थांबू नका.