रोज लावता येईल असा शोभिवंत पितळी दिवा निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की नव्या फ्लॅटमध्ये प्लायवूडचं छोटं देवघर आहे, सकाळ-संध्याकाळ दिवा लावायचा आहे, आणि ऑनलाइन मोर, हत्ती, कमळ, नक्षीकाम असे इतके दिवे दिसतात की कोणता घ्यावा कळत नाही. खरं पितळ कसं ओळखायचं, हेही विचारलंय. आमच्या घरी तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळे श्रावणापासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न सतत कानावर पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: मोर नंतर बघा, आधी तेल कुठे साठतं आणि वात कुठे टेकते ते बघा. जो दिवा नीट तेवत नाही तो कितीही देखणा असला तरी महिन्याभरात कपाटावर जातो, आणि देवापुढे पुन्हा साधं निरांजन येतं.

समईचं तेलाचं तबक पसरट आणि उथळ का असतं, हे लक्षात घेतलंत तर निम्मी निवड तिथेच होते. गोडेतेल दाट असतं, कापसाच्या वातीतून ते फार उंच चढत नाही. रॉकेल पातळ, ते सरसर चढतं, म्हणून कंदिलाची टाकी ज्योतीच्या बरीच खाली असली तरी चालतं. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचं तसं नाही. तेल वातीच्या टोकापासून बरंच खाली उतरलं की ज्योतीला ते पुरत नाही, मग कापूसच जळायला लागतो, टोकावर काजळी धरते आणि दिवा धुरकट होतो. पसरट तबकात तेल भरपूर मावतं आणि ते निम्मं संपलं तरी पातळी थोडीच उतरते. हल्ली कलशाच्या किंवा मडक्याच्या आकाराचे खोल दिवे पुष्कळ दिसतात. फोटोत ते छान वाटतात, पण त्यात अर्धं तेल शिल्लक असतानाच ज्योत मंदावते आणि आपण सारखी वात सारत बसतो.

निरांजनाची वाटी खोलगट असते, पण त्याचं गणित वेगळं आहे. त्यात फुलवात मधोमध उभी राहते आणि तूप असतं. ज्योतीच्या उष्णतेने पितळ तापतं, त्यामुळे थंडीत थिजलेलं तूपही हळूहळू वितळून वातीला मिळत राहतं. निरांजन हा आरतीपुरता, थोड्या वेळाचा दिवा आहे. तासभर शांत तेवणारा दिवा हवा असेल तर समईच घ्यावी.

आता वात जिथे टेकते ती चोच बघा. ती तबकाच्या कडेपाशी किंचित वर उचललेली हवी आणि तिच्यात वात बसेल एवढी खाच हवी. चोच सपाट असेल आणि वातीचं टोक बाहेर लोंबत तेलाच्या पातळीच्या खाली गेलं, तर वात तेल ओढून बाहेर टाकत राहते. दिवा शांत झाल्यावरही हे थांबत नाही. सकाळी समईच्या बैठकीत तेलाचं तळं साचलेलं असतं आणि देवघराच्या फळीवर डाग पडतो. समई गळते म्हणून लोक परत घेऊन येतात, तेव्हा पुष्कळदा भांड्याला भोक कुठेच नसतं, चोच चुकीच्या उताराची असते.

गळतीची दुसरी जागा म्हणजे मधला जोड. समई तीन-चार तुकड्यांची असते: खाली बैठक, मग दांडा, त्यावर तबक, आणि वर मोर, हंस किंवा कळस. हे तुकडे आट्यांनी एकमेकांत बसतात. ज्या समईत दांड्याचा आटा तबकाच्या मधल्या भोकातून वर येतो, तिथे त्या भोकाभोवती उंच कडं ओतलेलं आहे का ते बघा. कडं असलं की तेल त्याच्या खालीच राहतं. कडं नसेल तर आटे कितीही घट्ट पिळा, तेल त्यातून झिरपत दांड्यावर उतरतं. दुकानात घेत असाल तर मोर काढून दाखवा असं खुशाल सांगा. बोट फिरवलं की कडं लगेच लागतं. आटा सुरुवातीला हाताने सहज फिरला पाहिजे आणि शेवटी घट्ट बसला पाहिजे. डगमगणारा आटा कापडाचा तुकडा गुंडाळून बसवून देणारे दुकानदार असतात, तशी समई घेऊ नका. वर ज्योत असताना दांडा हलणं बरं नाही.

खऱ्या पितळेबद्दल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. एका घन सेंटिमीटरला ते साधारण साडेआठ ग्रॅम भरतं, तर अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन ग्रॅमच्या आतच. म्हणजे त्याच आकाराचा, तेवढ्याच जाडीचा सोनेरी मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा दिवा हातात घेतला की पितळेच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच लागतो. लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण त्याने फक्त लोखंड पकडलं जातं. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतकामाला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. दिवा उलटा करून तळाची आतली बाजू बघा. तिथे सहसा पॉलिश पोचलेलं नसतं, धातूचा मूळ रंग दिसतो. तो पिवळा असेल तर ठीक. करडा किंवा पांढुरका असेल तर वरचं सोनेरी रंगकाम समजा.

ओतीव आणि पत्र्याचा हा फरकही महत्त्वाचा आहे. ओतीव समई जड असते, तिचं तबक जाड असतं आणि पडली तरी सहसा चेमटत नाही. पत्र्यापासून केलेली हलकी असते, तिचा तोल वरच्या बाजूला जातो. मोठा पिसारा फुललेला मोर आणि खाली अरुंद बैठक, अशी समई लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात मी कधीच सुचवत नाही. बैठक तबकापेक्षा रुंद हवी, निदान तेवढी तरी हवीच. ऑनलाइन घेताना म्हणूनच उंचीपेक्षा वजन आणि तबकाचा व्यास बघा. वजन लिहिलेलंच नसेल तर तो दिवा सोडून द्या. वरून काढलेला आणि तळाचा फोटो मागवा. खड्यांचे, कुंदन चिकटवलेले, रेझिनचे दिवे शोभेला ठेवायला हरकत नाही, पण त्यात तेल-वात घालू नका. गोंद उष्णतेने सुटतो आणि रेझिन खराब होतं.

घडणीच्या बाबतीत दक्षिणेकडचे दिवे मला फार आवडतात. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलचे कुत्तुविळक्कू, वर हंस बसलेले, आणि केरळचं निलविळक्कू, अंगावर फारशी नक्षी नाही पण ठसठशीत आणि अतिशय तोलदार. निलविळक्कू बघितलं की कळतं, नुसत्या प्रमाणबद्धतेने दिवा किती सुंदर होतो. आपल्याकडे दुकानांत येणारा बराच माल मुरादाबाद-अलीगढकडचा असतो. त्यातही चांगलं काम मिळतं, फक्त वर सांगितलेल्या गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

लामणदिव्याचा मोह तुम्हाला होणारच, कारण साखळीवर टांगलेल्या दिव्याइतकं देखणं दुसरं काही नाही. जुन्या लामणदिव्यांत एक विलक्षण युक्ती असायची. तबकाच्या वर पक्षी किंवा हत्ती असतो, त्याच्या पोटात तेल भरून ते बंद करायचं. तेल बाहेर पडायची वाट तबकातल्या तेलात बुडालेली असते. तेल जळून पातळी उतरली की ती वाट उघडी पडते, आत हवा शिरते आणि थोडं तेल खाली येतं. पातळी पुन्हा चढून वाट झाकली गेली की तेल आपोआप थांबतं. हात न लावता दिवा कितीतरी वेळ तेवत राहतो. आजच्या बहुतेक लामणदिव्यांतला पक्षी भरीव असतो आणि नुसता शोभेला असतो. कधी पुण्यात गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने दिवे आवर्जून बघा, नजर तयार होते. घरी लामणदिवा लावायचाच असेल तर छतात ड्रिल करून पक्का हूक बसवलेला हवा, खाली कुणाचा वावर नको आणि पंख्याचा वारा नको. सणावारापुरता ठीक आहे. रोज स्टुलावर चढून तेल घालणं होत नाही.

तुमच्या प्लायवूडच्या देवघराची मला जास्त काळजी वाटते. ज्योतीच्या थेट वर लाकडी कमान किंवा फळी येत असेल तर ती आधी काळी पडेल आणि पुढे करपेलही. ज्योत आणि वरचं लाकूड यांत दोन फुटांच्या आसपास मोकळी जागा हवी. ती नसेल तर समई देवघराच्या आत न ठेवता पुढे पाटावर किंवा चौरंगावर, खाली पितळी ताटली घालून ठेवा. ज्योत पूर्वेला किंवा उत्तरेला आणि दक्षिणेला नको, असं आपल्याकडे पाळतात. त्याचबरोबर ती पडद्याकडे आणि खिडकीच्या झोतात नको, हेही तितक्याच कटाक्षाने पाळा. पाचही वाती रोज लावायला हव्यात असं मुळीच नाही, एक वात पुरते. घराबाहेर पडताना मात्र दिवा शांत करून जा. दिवा तेवत ठेवून बाहेर जाण्यात कसलंही पुण्य नाही.

स्वच्छतेविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण नक्षीचा दिवा मागे पडतो तो इथेच. पितळेवर तेल राहिलं की हिरवट चिकट थर बसतो आणि तो नक्षीच्या खोबणीत अडकतो. लोक थेट चिंच लावतात आणि निघत नाही म्हणून घासत सुटतात. तेलकट थरावर आंबट लागूच पडत नाही. आधी कागदाने तेल पुसा, सगळे तुकडे सुटे करा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने खोबणी आणि आटे साफ करा. मग चिंच-मीठ किंवा लिंबू लावा, दोन-तीन मिनिटांत रंग खुलतो. रात्रभर चिंचेत ठेवू नका, आंबटाने जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबीसर दिसू लागतं. धुतल्यावर लगेच कोरडं करा, आट्यांत पाणी राहिलं की तुकडे एकमेकांत जाम होतात. हे रोज करायची गरज नाही, रोज फक्त तेल पुसलं तरी पुरे. सगळे दिवे एकत्र घासूनपुसून, रांगोळी काढून पाटावर मांडायचे आणि कणकेचे गोड दिवे करायचे, यासाठी आषाढातली दीप अमावास्या आहेच. नक्षी किती बारीक घ्यायची ते आपण किती वेळा घासणार आहोत यावर ठरवा.

तुमच्या जागी मी असते तर साधारण फूटभर उंचीची, ओतीव, पसरट तबकाची, वर छोटा हंस किंवा मोर असलेली एक समई आणि आरतीला एक निरांजन घेतलं असतं. जोडी हवी असेल तर दुसरी समई पुढच्या दिवाळीला घ्या, पहिलीचा अनुभव आल्यावर.

दिवा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत एक करा. तबक पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवा आणि दोन-तीन तास बघा. कागद ओला झाला तर लगेच परत पाठवा. कागद कोरडा राहिला तर पाणी ओता आणि अंगावर चकचकीत पारदर्शक लेप आहे का ते तपासा. नव्या दिव्यांवर तो बऱ्याचदा असतो आणि ज्योतीजवळ तपकिरी पडून पापुद्रे धरतो. निदान तबकावरचा आणि चोचीवरचा लेप तरी अ‍ॅसिटोनने पुसून काढा. ते पेट घेणारं द्रव्य आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून हे काम करा, नंतर दिवा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, आणि मगच तिळाचं तेल घाला.