वाचकांचे प्रश्न : हेडसेट, फटाके आणि फौजी

प्रश्न : माझे मिस्टर हवालदार म्हणून निवृत्त झालेत. वरातीत फटाका वाजला की घामाघूम होतात, रात्री दचकून उठतात, अंबाबाईच्या दर्शनालाही गर्दी नको म्हणून येत नाहीत. मुलगा म्हणतो, आता डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, लावून युद्धाचा देखावा दाखवतात आणि हा त्रास जातो. आधीच भ्यायलेल्या माणसाला पुन्हा तेच कशाला दाखवायचं?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. नुसता देखावा बघून कुणी बरं होत नाही. गर्दी टाळली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, पण ‘इथं आता धोका नाही’ हे शिकायची संधी मेंदूला मिळतच नाही आणि भीती मुरत जाते. उपचार हे टाळणंच मोडतो.

बैठक साधारण ९० मिनिटांची, आठवड्यातून एक-दोनदा, एकूण ८ ते १५. सुरुवातीच्या दोनेक बैठकांत हेडसेट हातातही घेत नाहीत. माहिती घेणं, श्वासाचा सराव आणि टाळलेल्या गोष्टींची यादी. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला ० ते १०० असा अस्वस्थतेचा आकडा द्यायचा. मग हेडसेट लावून तुमचे मिस्टर घडलेला प्रसंग स्वतः सांगतात, ‘मी गाडीत बसलोय’ असा, वर्तमानकाळात, ३० ते ४५ मिनिटं, पुन्हा पुन्हा. ते जे बोलतील तेच थेरपिस्ट आपल्या स्क्रीनवरून आत आणतो: धूळ, हेलिकॉप्टर, वायरलेसचा आवाज. काही ठिकाणी खुर्चीखाली थरथरणारा पाट आणि डिझेलचा वासही असतो. दर पाच मिनिटांनी आकडा विचारायचा. शेवटी हेडसेट काढून १५-२० मिनिटं त्यावर बोलणं. ही मिनिटं घाईत उरकली तर सगळं वाया.

घरचा अभ्यासही असतो. बैठकीचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं आणि यादीतलं ४०-५० आकड्याचं काम आधी घ्यायचं. उदाहरणार्थ, अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडला पहाटे जाऊन आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. संध्याकाळची गर्दी नंतर. आकडा ८०-९० ला असताना घरी परतलं, तर ते पुन्हा टाळणंच झालं.

बिघडतं कुठं? रुग्णानं न सांगितलेला स्फोट थेरपिस्टनं उत्साहानं आधीच उडवला, की विश्वास जातो. दुसरं, यातलं सर्वांत माहितीतलं सॉफ्टवेअर अमेरिकी सैनिकांसाठी इराक-अफगाणिस्तानचं बनवलेलं आहे. काश्मीरच्या बर्फात नोकरी केलेल्याला वाळवंट दाखवलं तर मन तिथं रमणारच नाही. मळमळही होते: मान वळवल्यावर चित्र २० मिलिसेकंदांहून उशिरा हललं किंवा सेकंदाला ९० फ्रेमच्या (चित्रांच्या) खाली गेलं की. म्हणून रुग्णाला बसवूनच करतात. बैठकीआधी अल्प्राझोलामसारखी घबराट कमी करणारी गोळी घेतली तर भीती दबते आणि शिकणं अर्धवट राहतं. पण गोळी मनानं बंद करू नका, फिट येऊ शकते. फिट्स येत असतील, आत्महत्येचे विचार असतील किंवा भास होत असतील, तर हा उपचार तूर्त नाही, आधी मनोविकारतज्ज्ञ.

प्रश्न : यूट्यूबवरचा युद्धाचा ३६० अंशांचा व्हिडिओ मोबाइलच्या चष्म्यातून दाखवला तर चालेल का?
– मुलगा, त्याच घरचा

उत्तर : नाही. थांबवायला, आकडा विचारायला, नंतर बोलायला कोण आहे? तो उपचार नव्हे, धक्का आहे. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून टेली-मानसचा वेगळा कक्ष आहे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या. भेटल्यावर ‘व्हीआर आहे का’ हे नंतर विचारा, आधी ‘प्रोलाँग्ड एक्सपोजर करता का’ हे विचारा. प्रसंग पुन्हा पुन्हा सांगून आणि टाळलेल्या गोष्टींना सामोरं जाऊन करायच्या, वर सांगितलेल्या उपचाराचं हे नाव.

प्रश्न : साध्या पद्धतीपेक्षा व्हीआर सरस ठरलंय का?
– मानसशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तसं म्हणता येत नाही. १९९७ च्या सुमारास अटलांटात व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठी हेलिकॉप्टर आणि जंगलाचा देखावा बनला, तेव्हापासून हा प्रयोग चालू आहे. २०१६ मध्ये १६२ अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास आला. डोळे मिटून सांगायची साधी पद्धत आणि व्हीआर, दोन्ही प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा, म्हणजे अजून उपचार न मिळालेल्यांपेक्षा, सरस. पण तीन आणि सहा महिन्यांनी साधी पद्धतच पुढे होती. ज्याला प्रसंग सांगताना काही आठवतच नाही, काही जाणवतच नाही, त्याला हेडसेट वापरून बघावा. बाकीच्यांना डोळे मिटले तरी पुरतं.