कृपा 'मिळवली' की कृपा 'पावलो'?

नाशिक रोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नव्या घराच्या उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या प्रार्थनेच्या) पत्रिकेसाठी त्यांनी 'देवाच्या कृपेची समृद्धी आम्ही मिळवली' असं लिहिलं. आजींनी शिसपेन्सिलीने 'मिळवली' खोडलं आणि वर 'पावलो' लिहिलं. बरोबर कोण? आणि 'समृद्धी' वाचून पाहुण्यांना पैसाच आठवेल का?

आजी बरोबर आहेत.

'मिळवणे' हे 'मिळणे'चं प्रयोजक रूप. मार्क मिळवले, नोकरी मिळवली, म्हणजे खटपट आपली. माणूस पुण्य जोडतो, नाव कमावतो. कृपा मात्र होते, लाभते, राहते. 'मी कृपा कमावली' असं कुणी म्हणालं तर न शिकलेल्या माणसालाही ते खटकेल. बायबलमध्ये, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौलाने हाच भेद केला आहे: पापाचे 'वेतन' मरण, आणि देवाचे 'कृपादान' सार्वकालिक जीवन. वेतन कामाचं असतं, दान देणाऱ्याच्या मनाचं.

ताईंचे शब्द बहुधा इफिसकरांस पत्राच्या 1:7 वरून आले असावेत. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) तिथे 'त्याच्या कृपेच्या समृद्धीप्रमाणे' असं आहे आणि त्याच वचनात 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' आपल्याला 'मिळाली आहे' असं आहे. एकाच वाक्यात दोन्ही क्रियापदं! मिळवली ख्रिस्ताने, मिळाली आपल्याला. मला हे वचन लहानपणापासून पाठ होतं, पण त्यातला हा 'व' फार उशिरा दिसला, आणि दिसला तेव्हा पुस्तक मिटून मी काही वेळ नुसता बसून राहिलो.

या वचनातली 'मुक्ती' मूळ ग्रीकमध्ये गुलामाला किंमत मोजून सोडवण्याचा शब्द आहे. नाशिककरांना तो परका वाटू नये. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे आपल्या शरणपूरला आणली गेली, इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या काफिल्यात होता, आणि 1874 साली लंडनला लिव्हिंगस्टनच्या दफनालाही हजर होता. जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या त्या लेकरांनी सुटका 'मिळवली' असं कसं म्हणणार? शरणपूर रोडवरून जाताना मला हे वचन हटकून आठवतं.

आता 'पावणे'. संस्कृत 'प्राप्'पासून आलेलं हे क्रियापद. जुन्या पोस्टकार्डांची सुरुवात आठवा: 'आपले पत्र पावले. मजकूर समजला.' पत्र लिहिलं दुसऱ्याने, तिकीट त्याचं, चालून आला पोस्टमन. आपण फक्त दार उघडलं. उपासनेनंतर अर्पणाची जी पावती फाडून देतात, तीही यातलीच. शिवाय 'देव पावला' म्हणताना हेच क्रियापद देवाकडे जातं. तो पावतो आणि आपणही पावतो, अशी दोन्ही टोकं धरणारा दुसरा शब्द मला मराठीत सापडलेला नाही. 'प्राप्त केली' चुकीचं नाही, पण त्यातला 'केली' पुन्हा आपल्याच हाताकडे बोट दाखवतो.

'समृद्धी'ची शंका रास्त आहे. सिन्नर-इगतपुरीकडे हल्ली समृद्धी म्हटलं की आधी महामार्गच आठवतो. पण मुळात 'ऋध्' म्हणजे वाढणं, भरभराटणं. पौल ज्याला समृद्धी म्हणतो, त्यात क्षमा आहे, देवाचं लेकरू म्हणून घेतलं जाणं आहे, आशा आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:9) तर तो कृपेची ओळखच अशी करून देतो की, ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला, त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावं म्हणून. दुसऱ्याच्या दारिद्र्यातून आलेलं हे धन फ्लॅटच्या चौरस फुटांत कसं मोजणार? तरी गृहप्रवेशाच्याच पत्रिकेत हा शब्द आला की गल्लत होणार, हे ताईंचं म्हणणं मला पटतं. तेव्हा शब्द ठेवा, पण घराचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करा:

'प्रभूच्या कृपेची समृद्धी आम्ही पावलो. त्याने दिलेल्या या घरात उपकारस्तुतीसाठी अवश्य यावे.'

छापायला देताना 'समृद्धी'चा शेवटचा 'द्धी' दीर्घ आहे ना, तेवढं प्रुफात पाहून घ्या.