जळगावला पत्र्याचा रडार रिफ्लेक्टर बनवून मांडव्याच्या शिडाच्या होडीवर बसवता येईल का?

येईल की भाऊ. रडार रिफ्लेक्टर म्हणजे जहाजाच्या रडारची लहर परत जहाजाकडेच फेकणारी वस्तू, त्यामुळे छोटी होडीही रडारवर दिसते. एमआयडीसीत पत्रा कापून रिव्हेट मारणारा कोणीही करून देईल. फक्त त्याला कूलरची बॉडी करतोय असं वाटू देऊ नका. कूलरला उन्नीस-बीस चालतं, इथे सगळा खेळ काटकोनाचा आहे.

2 मिमी अॅल्युमिनियमचे 32 सेंमी बाजूचे तीन चौकोन घ्या. दोघांना एका कोपऱ्यापासून मध्यापर्यंत कर्णावर खाच पाडून एकमेकांत अडकवा. तिसरा दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करा आणि ते मध्ये बसवून छोट्या अँगलपट्ट्यांनी रिव्हेट करा. तीन-तीन पत्र्यांच्या कोपऱ्यांच्या आठ खोबणी तयार होतील. प्रत्येकीत गुण्या लावून बघा, मुळाशीही आणि कडेलाही. 1 अंश चुकला तर कडेला पत्रा 4 मिमी सरकतो. लहर जाऊन-येऊन 8 मिमीचा फरक, आणि जहाजाच्या नेहमीच्या रडारची लहरच 32 मिमीची. प्रतिध्वनी तिथेच मार खातो.

पैसे वाचवायला माप कमी करू नका. टोकापासून टोकापर्यंत 45 सेंमी (म्हणजे 32 सेंमी चौकोनाचा कर्ण) असेल तर हिशेबाने साधारण 10 चौरस मीटरचा प्रतिध्वनी मिळतो, 30 सेंमीला जेमतेम 2. रडारला वस्तू किती मोठी भासते, ते या चौरस मीटरात मोजतात. माप निम्मं केलं की सोळावा हिस्सा उरतो. बाजारातल्या बारीक नळीवाल्या रिफ्लेक्टरचं दुखणं हेच.

टांगताना बहुतेक जण चुकतात. टोकाला भोक पाडून कंदिलासारखा लटकवला, की खोबणींची तोंडं आभाळाकडे आणि पाण्याकडे 35 अंश वळतात. वस्तू टेबलावर ठेवून पाहा. ती आपोआप त्रिकोणी बाजूवर बसते आणि वर एक खोबण पाणी साठेल अशी उघडी राहते. वर जाताना अगदी तशीच जायला हवी. म्हणून वरच्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना सारख्या लांबीचे दोर, खालच्या तिन्हींनाही तसेच, आणि खालचा दोर ताणून बांधायचा. नाहीतर वाऱ्यात भिंगरी होते आणि दोर घासून तुटतो.

पाण्यापासून किमान 4 मीटर उंची ठेवा, जास्त चालेल. कायमचा बसवायचा असेल तर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला, स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांच्या) वर ब्रॅकेट मारा. मग डोलकाठी मागची बाजू थोडी झाकते, ते गृहीत धरा. स्टीलचा बोल्ट थेट अॅल्युमिनियमला लावू नका, खाऱ्या हवेत भोकाभोवतीचा पत्रा भुसभुशीत होतो. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

रंग दिला तर बिघडत नाही, पोचा आला तर बिघडतं. अलिबागपर्यंत नेताना केळीच्या क्रेटमध्ये गोणपाट कोंबून न्या, गाडीच्या टपावर बांधून नको.