ऑइल टेस्टिंग लॅबमधली नोकरी: मुलीने घ्यावी का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट ट्रान्सफॉर्मरच्या ऑइल-पेपर इन्सुलेशनच्या एजिंगवर केलाय आणि आता रबाळे एमआयडीसीतल्या एका ऑइल टेस्टिंग लॅबने तिला बोलावलंय. घरचे म्हणतायत आयटीत जा, तेलाच्या बाटल्या तपासायला इंजिनिअर कशाला पाहिजे. ताई विचारतायत, यात पुढे काही स्कोप आहे का?

ताई, आहे. पण तो मशीनमधून आकडा काढण्यात नाही, तो आकडा बघून ट्रान्सफॉर्मरचं पुढे काय करायचं हे सांगण्यात आहे. मुलीला तिथपर्यंत जायचं असेल तर खुशाल हो म्हणू द्या.

तिच्या प्रोजेक्टचा विषय घरच्यांनाही कळायला हवा म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रान्सफॉर्मरचं तेल खराब झालं तर फिल्टर करता येतं, बदलता येतं, पण वाइंडिंगच्या तारांवर गुंडाळलेला कागद बदलायचा म्हणजे वाइंडिंगच नवीन करावं लागतं, त्यामुळे कागद टिकेल तेवढंच ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य. हा कागद सेल्युलोजचा, त्याच्या साखळीत किती कड्या आहेत त्या आकड्याला डीपी म्हणतात, नव्या कागदात तो हजार-बाराशे असतो आणि उष्णता, पाणी, ऑक्सिजन, तेलातलं ॲसिड यांनी तुटत तुटत 200 च्या आसपास आला की कागद संपला असं धरतात. मेख अशी आहे की असा कागद व्होल्टेज बऱ्यापैकी धरून असतो, रोजच्या कामात काही जाणवत नाही, पण लाइनवर कुठे शॉर्ट सर्किट होऊन वाइंडिंगला हिसका बसला की जुन्या वर्तमानपत्राच्या घडीसारखा तुटतो. आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या हिशोबाने साध्या क्राफ्ट पेपरचा हॉटस्पॉट, म्हणजे वाइंडिंगमधली सगळ्यात गरम जागा, 98 डिग्रीच्या वर गेली की दर 6 डिग्रीला एजिंगचा वेग दुप्पट होतो, म्हणजे उन्हाळ्यात एसीचा लोड वाढतो तेव्हा आत काय चाललंय बघा.

आता चालू ट्रान्सफॉर्मर उघडून कागदाचा तुकडा कोण काढू देणार, म्हणून तेलाला विचारायचं. कागद तुटताना फुरान नावाची रसायनं तयार होतात, ती तेलात उतरतात, लॅब ती पीपीबीत (अब्ज भागांत किती भाग) मोजते आणि त्यावरून डीपीचा अंदाज बांधतात. इथेच खरं इंजिनिअरिंग सुरू होतं, कारण मागच्या वर्षी तेल फिल्टर किंवा रिक्लेम (शुद्ध करून परत वापरण्याजोगं) केलं असेल तर फुरानचा आकडा खाली येतो, कागद मात्र आहे तिथेच. थर्मली अपग्रेडेड, म्हणजे उष्णता जास्त सोसणारा कागद असेल तर फुरान मुळातच कमी निघतात, मग साध्या कागदाचा फॉर्म्युला लावला की उत्तर चुकलंच. पाण्याचंही तसंच, ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी कागदात असतं, तेल गरम झालं की त्यातलं थोडं तेलात येतं आणि गार झालं की परत कागदात जातं, त्यामुळे सॅम्पल घेताना तेलाचं टेम्परेचर लिहिलं नसेल तर पाण्याचा पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा नुसता आकडाच राहतो. सोबत डीजीएतले, म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंच्या टेस्टमधले, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि आधीच्या वर्षांचा ट्रेंड बघायचा, तेव्हा कुठे काही बोलता येतं. हे बोलू शकणारी माणसं कमी आहेत आणि मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदानी, महापारेषण, रेल्वे सगळ्यांकडे ट्रान्सफॉर्मर आहेत.

म्हणून इंटरव्ह्यूत तिने स्पष्ट विचारावं: रिपोर्टवर निष्कर्ष कोण लिहितं आणि मला ते कधी शिकवणार? साइटवर सॅम्पल घ्यायला, एफडीएससारख्या (कागदातलं पाणी विजेच्या मोजमापाने ओळखणाऱ्या) टेस्टला नेणार का? लॅबला एनएबीएल, म्हणजे लॅबची सरकारमान्य मान्यता, आहे का आणि नेमक्या कुठल्या टेस्टसाठी? उत्तर "आधी दोन वर्षं मशीन चालव, मग बघू" असं आलं तर मी ती नोकरी घेऊ नका म्हणेन.

साइटचं मात्र घरच्यांनी मनावर घ्यायचं नाही. यार्डात उन्हात उभं राहून आधी व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल काढून टाकायचं, मग काचेच्या सिरिंजमध्ये बुडबुडा न येऊ देता सॅम्पल घ्यायचं, हे स्वतःच्या हाताने केलेल्या मुलीला रिपोर्टमधला संशयास्पद आकडा लगेच कळतो. तिला जाऊ द्या.

पैसे सुरुवातीला आयटीपेक्षा कमीच मिळतील हे धरून चाला. घरात तिच्या पगाराची लगेच गरज असेल तर तसं तिला मोकळेपणाने सांगा, मनात ठेवू नका. तशी गरज नसेल तर नोकरी करता करता तिने गेट द्यावी, चांगला स्कोअर आला तर आयआयटी, व्हीजेटीआय किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत एम.टेक. करता येईल, हाय व्होल्टेजचा विषय तिथेच पुढे नेता येईल, पॉवरग्रिडही गेटवरून इंजिनिअर घेते. बंगळुरूची सीपीआरआय आणि वडोदऱ्याची इर्डा या वीज क्षेत्रातल्या संशोधन आणि टेस्टिंग संस्थांच्या भरतीवरही लक्ष ठेवा.

इंटरव्ह्यूला जाताना प्रोजेक्टचा रिपोर्ट सोबत न्यायला सांगा. आणि लॅबने काय उत्तरं दिली ते मला कळवा, ऑफर लेटर हातात आलं की सही करायच्या आधी त्यातला बाँड आपण एकत्र वाचू.